जड स्टीअरिंग आणि नवा पंप

पंधरा-वीस वर्षं चाललेल्या गाडीचं स्टीअरिंग जड झालं की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं: "पंप गेला." कधी तो खरंच गेलेला असतो. पण नवा पंप बसवला आणि दोन महिन्यांत तोही रडायला लागला, ही तक्रारही तितकीच नेहमीची. पंप झिजून मरतो तेव्हा त्या झिजेचा चुरा ऑइलबरोबर बॉक्समध्ये (हाताचं वळण चाकांकडे नेणाऱ्या स्टीअरिंगच्या पेटीत), पाइपांत आणि ऑइलच्या डब्यात जाऊन बसलेला असतो. सिस्टिम न धुता नवा पंप लावला की तो पहिल्या मिनिटापासून हाच चुरा पितो. म्हणून या कामात सुटे भाग आणणं दुय्यम. आधी नेमका दोष शोधायचा, मग सगळं धुवायचं.

इथे जे सांगितलं आहे ते हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगबद्दल, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप आणि लाल ऑइल. जुन्या बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओसारख्या गाड्या आणि २०००च्या आसपासच्या बऱ्याच सेडान याच जातीच्या. नव्या छोट्या गाड्यांतल्या विजेवरच्या स्टीअरिंगचा विषय शेवटी थोडा येईल.

आत काय चालतं

स्टीअरिंगच्या दांड्याचं खालचं टोक बॉक्समध्ये शिरतं तिथे स्प्रिंगच्या पोलादाची एक सळी असते, करंगळीहून बारीक. हा टॉर्शन बार. तिचं वरचं टोक तुमच्या हाताशी जोडलेलं, खालचं चाकांशी. सरळ रस्त्यावर तिला पीळ पडत नाही. गाडी उभी असताना स्टीअरिंग वळवलं की टायर जमिनीला धरून बसतात, हात पुढे जातो आणि सळी काही अंश पिळते. तेवढ्यानं तिच्याभोवतीच्या, एकात एक बसलेल्या दोन नळकांड्यांच्या खाचा सरकतात. एका बाजूची वाट उघडते, दुसरी आवळते, आणि दाबाखालचं ऑइल पिस्टनच्या एका अंगाला ढकललं जातं. चाकं वळली की पीळ सुटतो आणि मदतही थांबते. ऑइलच्या दाबाची अशी मदत विक्रीच्या मोटारीत पहिल्यांदा आली ती अमेरिकेत, १९५१च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. तपशील बदलत गेले, मूळ कल्पना आजही तीच.

त्या खाचांच्या कडांमधली फट केसाहून बारीक असते. धातूचा चुरा इथे अडकला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

पंपाच्या पोटात एक लंबगोल रिंग असते. तिच्या आत रोटर फिरतो आणि रोटरच्या खाचांत पातळ पट्ट्या आतबाहेर सरकतात. बहुतेक पंपांत या पट्ट्या दहा. मेकॅनिक त्यांना व्हेन किंवा पत्ती म्हणतात. इंजिन जोरात फिरलं की पंप ऑइलही जास्त फेकतो. पण मदत सगळ्यात जास्त लागते ती उभ्या गाडीत, आयडलिंगला. म्हणून पंपातच एक फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह असतो, तो जास्तीचं ऑइल परत आत वळवतो. त्याच्याच पोटात रिलीफ व्हॉल्व्ह, दाब ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारा. मोटारींमध्ये ही मर्यादा साधारण ७० ते १०० बार असते. टायरमधली हवा दोन बारच्या आसपास असते, यावरून अंदाज करा.

लक्षणं नीट ऐका

पंपाला डावं-उजवं कळत नाही. त्यामुळे स्टीअरिंग एकाच बाजूला जड लागत असेल तर पंपाला हात लावू नका, दोष बॉक्समध्ये किंवा रॅकमध्ये (काही गाड्यांत बॉक्सऐवजी असणाऱ्या आडव्या दातेरी दांड्यात) आहे. दोन्हीकडे जड, पण ॲक्सिलरेटर दिल्यावर हलकं होतं? पट्टा घसरतोय किंवा पंप झिजलाय. सकाळी पहिली काही मिनिटं जड आणि गरम झाल्यावर ठीक, असं असेल तर व्हॉल्व्हवरच्या टेफ्लॉन रिंगांनी आपल्या घरात चर पाडलेले असण्याची शक्यता मोठी. हे सील किटनं बरं होत नाही.

वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नसेल तर संशय आधी सांध्यांवर. गाडीचं पुढचं टोक स्टँडवर घ्या, ड्रॉप आर्मपासून (बॉक्समधून खाली आलेल्या हातापासून) ड्रॅग लिंक, म्हणजे चाकांकडे जाणारा दांडा, सोडवा आणि चाकं हातानं वळवून बघा. ती अडखळत असतील तर चाकं ज्यांवर वळतात ते किंग पिन किंवा बॉल जॉइंट सुकलेत. पाटे आणि सरळ ॲक्सल असलेल्या जुन्या जीपवजा गाड्यांत हा दोष इतका सापडतो की पंपाच्या आधी ग्रीसगन उचलावी. त्यातच दांड्याचा युनिव्हर्सल जॉइंटही बघा. पावसाळ्यात तो गंजून आखडतो आणि फेऱ्यात ठरावीक एका जागी घट्ट लागतो.

मग डब्याचं झाकण उघडा. ऑइल लाल आणि पारदर्शक असावं. तपकिरी आणि जळकट वासाचं असेल तर ते तापून मेलंय. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. बॅटरीच्या उजेडात चंदेरी चमचम दिसली तर पंप स्वतःलाच खातोय. फेस दिसला तर कुठून तरी हवा शिरतेय, आणि ती जवळजवळ नेहमी डब्यातून पंपाकडे जाणाऱ्या जाड नळीतून. ही नळी ओढण्याच्या बाजूची. इथली सैल क्लिप इंजिन चालू असताना ऑइल बाहेर टाकत नाही, हवा आत घेते. खाली थेंब नाही, पण कण्हण्याचा आवाज आणि फेस आहे, याचा अर्थ हाच. वीस-तीस रुपयांच्या क्लिपसाठी पंप बदलले गेलेत.

गेज लावल्याशिवाय पंप घेऊ नका

खात्रीची परीक्षा एकच. पंप आणि बॉक्स यांच्या मधल्या जोरदाबाच्या लाइनमध्ये १५० बारपर्यंतचा गेज, म्हणजे दाबमापक, आणि त्याच्या पुढे, बॉक्सच्या बाजूला, एक बंद-चालू कॉक लावायचा. हायड्रॉलिक होस बनवणाऱ्या दुकानात अशी जोडणी करून मिळते. भोसरी, अंबड, वाळूज अशा कुठल्याही एमआयडीसीच्या आसपास ही दुकानं आहेत. ऑइल ६०-७० अंशांपर्यंत तापू द्या आणि इंजिन आयडलिंगला ठेवा.

कॉक उघडा, स्टीअरिंग सरळ: गेजवर थोडाच दाब दिसायला हवा, साधारण ३ ते ७ बार. दहाच्या वर असेल तर परतीच्या वाटेत कुठेतरी तुंबलंय. आता कॉक बंद करा, पण पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. दिसेल तो पंपाचा कमाल दाब. असं तीनदा करा. तिन्ही आकडे तीन-चार बारच्या फरकात आणि मॅन्युअलमधल्या आकड्याजवळ असतील तर पंप शाबूत. आकडे उच्च पण दर वेळी वेगळे असतील तर फ्लो व्हॉल्व्ह अडकतोय. शेवटी कॉक उघडा ठेवून स्टीअरिंग फुल लॉकला, म्हणजे पुढे वळणारच नाही अशा टोकाला, क्षणभर दाबा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. पंप ८० बार देतोय आणि लॉकला ५५च दिसतायत, तर उरलेला दाब बॉक्सच्या आत, पिस्टनच्या किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून निसटतोय. अशा गाडीला नवा पंप लावणं म्हणजे फुटक्या माठात नवी तोटी बसवणं.

कॉक बंद ठेवून बोलत बसू नका. तेवढ्या वेळात पंप सगळी ताकद ऑइल तापवण्यात घालवतो आणि सील भाजतात.

पंप उघडताना

डब्यातलं ऑइल मोठ्या सिरिंजनं काढा, नळ्या सोडवून त्यांची तोंडं लगेच बांधा. पंप बाहेरून डिझेलनं घासून स्वच्छ करा आणि मगच उघडा. पुली दाबून बसवलेली असेल तर तिच्यासाठी पुलर लागतो. हातोडी मारली की शाफ्टचं बेअरिंग आणि आतल्या प्लेटा दुखावतात, आणि ते दिसतं नवं सील आठ दिवसांत गळल्यावर.

झाकण काढल्यावर प्रत्येक थराचा फोटो घ्या. रिंग कुठल्या तोंडानं बसली आहे याची खूण करा. तिच्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेचा असतो. ती उलटी बसली तर पंप दाबच देणार नाही. पत्तीची एक कड गोलसर असते, ती बाहेर, रिंगच्या अंगाला. दहाही पत्त्या आपापल्या खाचेत स्वतःच्या वजनानं घसरल्या पाहिजेत.

निर्णय इथे होतो. रिंगच्या आतल्या पृष्ठभागावरून नख फिरवा. गुळगुळीत लागलं तर पंप सील किटवर वाचतो. कपडे धुण्याच्या खरबरीत फळीसारख्या लाटा नखाला लागल्या, किंवा प्लेटांवर नख अडकेल असे गोल ओरखडे असले, तर किटचे पैसे वाया घालवू नका, तो पंप संपला. लेथवर प्लेट घासून घेण्याचा सल्ला मिळेल. पण तिथली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. प्लेट थोडी जास्त घासली गेली की गरम झाल्यावर दाब उरत नाही.

फ्लो व्हॉल्व्ह ऑइल लावून त्याच्या भोकात सोडला तर सहज खाली जायला हवा. अडकत असेल तर १५०० किंवा २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर ऑइल घालून हलकेच फिरवा. कडा मात्र धारदार राहू द्या, गोल झाल्या तर तो नीट अडवत नाही. त्यातल्या रिलीफ व्हॉल्व्हच्या टोकाचा नट खोलू नका. आत पातळ वॉशर असतात आणि दाब त्यांच्यावर ठरलेला असतो. दाब वाढवायला तिथे वॉशर कमीजास्त करणारे कारागीर आहेत. त्यातून पाइप फुटतात.

शाफ्टवर सीलच्या ओठानं चर पाडलाय का ते बघा. बारीक असेल तर नवं सील जेमतेम एक मिलिमीटर वरखाली बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकेल. खोल असेल तर पातळ स्लीव्ह. सील चढवताना शाफ्टच्या खाचेवर टेप गुंडाळा, नाहीतर तिची धार ओठ कापते. ओरिंगांना तेच लाल ऑइल लावायचं, सिलिकॉन गॅस्केट अजिबात नाही. त्याचा निसटलेला तुकडा थेट फ्लो व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.

बॉक्स

गळती फक्त खालून, ड्रॉप आर्मच्या शाफ्टजवळून असेल तर बॉक्स पूर्ण न उघडता सील बदलता येतं. ड्रॉप आर्म आणि शाफ्टवर खूण करा आणि आर्म पुलरनं काढा. शाफ्टला हात लावून बघा. सील टेकतं तिथे गंजाचे खड्डे असतील तर नवं सील काही आठवडेच टिकेल. शाफ्ट बदला, किंवा क्रोम करून ग्राइंड करणारं चांगलं वर्कशॉप गाठा.

बॉक्सच्या वर लॉकनट असलेला एक स्क्रू असतो, आणि महाराष्ट्रात जितके बॉक्स फुकट गेले असतील त्यातले बरेच या स्क्रूनं गेले असावेत. स्टीअरिंगला प्ले आला की "थोडा टाइट करून देतो" म्हणत तो आवळला जातो. प्ले (हातातली मोकळी ढिलाई) बहुधा टाय रॉड एंडमध्ये, म्हणजे चाकांकडच्या दांड्याच्या टोकाच्या सांध्यात, किंवा दांड्याच्या जॉइंटमध्ये असतो. स्क्रू आवळल्यानं दात मधल्या जागी घट्ट रगडले जातात. गाडी सरळ रेषेत इकडे-तिकडे भरकटायला लागते, स्टीअरिंग परत येत नाही, आणि दात मधेच झिजतात. हा स्क्रू लावायचाच असेल तर चाकं अगदी सरळ ठेवून, ड्रॅग लिंक सोडवून, दर वेळी अगदी थोडासा. मधोमध किंचित जास्त घट्ट आणि दोन्हीकडे सैल, इतकंच हवं. आवळून पुढे गेलात तर लगेच मागे या.

पूर्ण बॉक्स उघडणं घरचं काम नाही. आत बारीक गोळ्यांची माळ असते. गोळ्या ठरावीक मापाच्या आणि मोजून भरलेल्या. सांडल्या तर बेअरिंगच्या दुकानातल्या गोळ्या घालून चालत नाही. टेफ्लॉन रिंग गरम पाण्यात मऊ करून ताणून चढवावी लागते आणि मग गोल पट्टीत आवळून पुन्हा मापात आणावी लागते. टॉर्शन बार आणि व्हॉल्व्ह कारखान्यात एकत्र जुळवून पिन मारलेले असतात. ती पिन काढली की स्टीअरिंग सोडल्यावर गाडी आपणहून एका बाजूला वळते. हे काम रोज करणाऱ्याकडे द्या किंवा रिकंडिशन बॉक्स घ्या.

रॅकवाल्या गाडीत दोन्ही बाजूंची रबरी बुटं पिळून बघा. आत ऑइल असेल तर टोकाचं सील गेलंय. बूट फाटलेलं राहिलं आणि दोन पावसाळे गेले असतील तर रॅकच्या दांड्यावर गंज आहे असंच धरून चाला.

पाइप

जोरदाबाच्या पाइपला क्लिपा चालत नाहीत, तो क्रिम्प केलेलाच, म्हणजे टोकाची धातूची टोपी यंत्रानं दाबून बसवलेलाच हवा. स्थानिक दुकानातून करून घेताना दोन थरांच्या तारजाळीचा आणि किमान १२० अंश तापमानाचा होस मागा. कंपनीच्या पाइपात आवाज मारण्यासाठी आत एक लवचिक नळी असते, ती या होसमध्ये नसते, त्यामुळे थोडी गुणगुण येते. तो दोष नाही. पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टला, म्हणजे बँजो बोल्टला, प्रत्येकी दोन तांब्याचे वॉशर लागतात, दर वेळी नवे. परतीच्या नळीला उरलेला रेडिएटर होस वापरू नका. पाण्यासाठीचं ते रबर ऑइलनं फुगून लोळागोळा होतं.

धुणं आणि भरणं

कुठलं ऑइल, हे डब्याच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना डेक्सरॉन २ किंवा ३ दर्जाचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, लागतं. काही युरोपीय गाड्यांचं हिरवं ऑइल वेगळं, त्यात लाल मिसळायचं नाही. ब्रेक ऑइल तर कधीच नाही. चुकून ओतलंच तर इंजिन सुरू करू नका, तसंच उपसून काढा. ते आत फिरलं तर सगळी सीलं फुगतात.

सिस्टिममध्ये एक लिटरच्या आसपास ऑइल मावतं, पण धुण्यासाठी वरचे दोन लिटर आणा. प्लास्टिकचा डबा बहुधा बदललेलाच बरा. त्याच्या तळाशी न दिसणारी जाळी असते आणि चुरा तिथेच साठतो. नव्या पंपाच्या आधीच हे धुणं झालं पाहिजे: पाइप आणि बॉक्समधलं ऑइल डब्याऐवजी बाटलीत जाईल अशी परतीची नळी सोडा, चाकं उचललेली ठेवा, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग दोन्ही लॉकपर्यंत फिरवून बॉक्समधलं जुनं ऑइल ढकलून काढा. पंप बसल्यावर डब्याचं परतीचं तोंड बंद करा. एकानं ओतत राहायचं, दुसऱ्यानं काही सेकंदच इंजिन चालवायचं, बाटलीत स्वच्छ लाल येईपर्यंत. डबा कोरडा पडू द्यायचा नाही. परतीच्या नळीवर एक छोटा चुंबकी फिल्टर बसवला तर उत्तमच. तो फक्त परतीच्याच नळीवर, पंपाच्या ओढीवर नाही.

आता हवा काढणं. इथली घाई महाग पडते. डबा भरून पाच मिनिटं थांबा. चाकं उचललेली आणि इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत १५-२० वेळा फिरवा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. बुडबुडे थांबले की मगच इंजिन. आधीच सुरू केलं तर पंप हवा घुसळून ताकासारखा फेस करतो आणि तो तासभर बसत नाही. फेस झालाच तर बंद करून निवांत थांबा. सुरू केल्यावरही पहिल्या काही फेऱ्या लॉकला न टेकवता घ्या. गाडी खाली उतरवून, गरम झाल्यावर, पातळी पुन्हा बघा. पाचशे किलोमीटरनंतर चुंबकी फिल्टर उघडून पाहा आणि ड्रॉप आर्मचा नट टॉर्क पान्यानं तपासा.

मुळात नसलेलं बसवायचं असेल तर

जुन्या जीपला पॉवर स्टीअरिंग लावण्याची हौस मोठी. त्याच मॉडेलला कंपनीनं नंतर दिलेला बॉक्स, पंप, ब्रॅकेट आणि पुली असा पूर्ण संच मिळवणं सगळ्यात बिनधोक, कारण बॉक्स आणि पंप एकमेकांच्या मापाचे असतात. मोठा पंप छोट्या बॉक्सला लावला तर हायवेवर स्टीअरिंग तरंगल्यासारखं लागतं. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये ते कडकपणे वाचलं आहे. काम करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा, उत्तर लेखी घ्या.

पॉवर बॉक्स चासीवर आधीपेक्षा बराच जास्त जोर देतो. पोकळ चासीतून बोल्ट नुसते आवळले तर पत्रा आत दबतो आणि वर्षभरात बोल्टच्या भोकापासून तडे जातात. प्रत्येक बोल्टभोवती आतून नळीचा तुकडा आणि बाहेरून ५-६ मिलिमीटरची प्लेट हवीच. ड्रॅग लिंकचा कोन मूळ कोनाच्या जवळ ठेवा. तो बदलला की खड्ड्यात चाक वर गेल्यावर गाडी स्वतःच वळते. पट्टा पुल्यांवर एक-दोन मिलिमीटरच्या आत सरळ रेषेत बसला पाहिजे, नाहीतर उडतो. दांडा वेल्ड करून जोडू नका. खाचांचा, बोल्टनं आवळणारा तयार कपलर वापरा.

मारुती ८००सारख्या छोट्या गाडीला विजेचा कॉलम बसवण्याचा पर्याय आहे. त्यात पंप नाही, ऑइल नाही. पण पार्किंगमध्ये तो क्षणभर ३०-४० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. जुन्या ऑल्टरनेटरला हे झेपत नाही. संध्याकाळी हेडलाइट, पंखा आणि वायपर चालू असताना स्टीअरिंग वळवलं की दिवे मंद होतात. बॅटरीपासून थेट जाड वायर, स्वतंत्र फ्यूज आणि चांगलं अर्थिंग आधी करा. कॉलमला गाडीच्या वेगाचा सिग्नलही लागतो. तो मिळाला नाही तर काही कॉलम मदतच देत नाहीत, काही सगळ्या वेगांना सारखीच देतात, आणि ऐंशीच्या वेगात पार्किंगइतकं हलकं स्टीअरिंग हातात असणं धोक्याचं आहे.